ओपलच्या दगडावरचा फज

कोल्टर्स बेंड गावात परदेशी माणसं तीनच, आणि आपण इथे चुकून राहिलो असं तिघांनाही वाटायचं. वाटता वाटता केस पिकले होते, ही गोष्ट वेगळी. आयोवाच्या मक्यात हे गाव कुणी वसवलं आणि का, हा त्यांचा आवडता विषय. दर गुरुवारी दुपारी ती मेन स्ट्रीटवरच्या डायनरमध्ये खिडकीजवळच्या बाकावर जमायची, आदल्या दिवशी निघालेलं ‘लँटर्न’ हे गावचं साप्ताहिक टेबलावर पसरायची आणि गावाची सालं काढायची.

वाचायचा मान ऑब्री हॅलमचा. हा इंग्रज. शेजारच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. वर्गात त्याचं कधी कुणी ऐकलं नव्हतं, ती थकबाकी तो आता या बाकावर वसूल करायचा. दुसरा फर्गल, आयरिश, गुराढोरांचा डॉक्टर. बोलायचा कमी, पण टोमणा नेमका मारायचा. तिसरी हायके लोरेन्झ. ही जर्मन, नवऱ्याच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या नोकरीपायी आलेली. नवरा ऊवे तीन हिवाळ्यांपूर्वी वारला आणि ही राहिली.

“ऐका,” ऑब्रीनं चष्मा नाकावर सरकवला. “‘पोलीस वार्ता. मंगळवारी एल्म रस्त्यावर एका रानहंसानं दारातून हलायला नकार दिला. अधिकारी घटनास्थळी पोचले. हंसाला समज देऊन सोडण्यात आलं.’”

“जामीन कोण राहिलं?” फर्गलनं विचारलं.

“पुढे ऐक. ‘व्हेल्मा स्टूप यांच्याकडे ओमाहाहून त्यांची बहीण आली होती. जेवायला हॅम होतं. बहीण दुसऱ्याच दिवशी परत गेली.’”

“हॅम मी खाल्लंय. बहिणीची चूक नाही.”

हायके डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला हसायला आवडायचं, आणि हसवायला त्याहून. पेपर ऑब्रीचा, तशी दफनभूमी तिची. दर रविवारी ती ऊवेसाठी फुलं घेऊन टेकडीवर जायची आणि येताना गुरुवारपुरता माल घेऊन यायची. तिथे एका माणसाचा फक्त पाय पुरलेला होता, गुडघ्यापासून खालचा, स्वतंत्र दगडासकट. बाकीचा माणूस पुढे ॲरिझोनात जाऊन राहिला आणि तिकडेच संपला. ग्रॅनाइटची एक आरामखुर्ची होती, तिच्यावर म्हणे मालकाखेरीज कुणी बसायचं नाही. आणि ओपल ब्रॅकेटच्या दगडावर ना बायबलमधली ओळ, ना देवदूत. होती ती फजची, म्हणजे तिच्या चॉकलेटच्या वड्यांची, अख्खी पाककृती. किती साखर, किती कोको, किती लोणी, आणि शेवटी, ‘थाळीत ओता आणि निवू द्या.’ निवल्यावर त्या वडीनं खिळा ठोकता आला असता.

ही ओपल कुणी परकी नव्हती. हायकेच्या मुलाची सासू डार्लीन ब्रॅकेट, तिची ती आई. ऊवे गेला तेव्हा टेकडीवर जागा उरली नव्हती. नवी दफनभूमी हायवेपलीकडे, खतांच्या गोदामांमागे. तेव्हा डार्लीननं कुणाला न विचारता ब्रॅकेटांच्या जागेतली दोघांची जागा मोकळी करून दिली. इथल्या रीतीप्रमाणे दगडावर ऊवेच्या शेजारी हायकेचंही नाव कोरून झालं, जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरं. ती रेघ पाहिली की हायकेला बरं वाटायचं. जर्मनीत तिचं कुणी उरलं नव्हतं. इथे निदान आपली वाट पाहणारा एक दगड होता. पण जागेचा कागद डार्लीनच्या नावावर होता, आणि तिथे कुणाला उतरवायचं ते डार्लीनच्याच हाती.

एवढं असूनही ओपलचा फज दर गुरुवारी टेबलावर यायचाच. खाण्यासाठी नव्हे, हसण्यासाठी.

त्या गुरुवारी ऑब्रीनं ‘लँटर्न’ची घडी घातली आणि कोटाच्या खिशातून एक गुळगुळीत मासिक काढलं. त्याच्या इंग्लंडमधल्या जिल्ह्याचं. “आता जरा खरं गद्य वाचू या,” तो म्हणाला. “माझंच आहे.”

लेखाचं नाव होतं ‘मक्यातले मृत’. पाय आला, आरामखुर्ची आली, हंस आला. हायके हसत होती. मग ऑब्री मोठ्यानं वाचू लागला, “‘या गावात माणूस मेल्यावरही यजमानपण सोडत नाही, थडग्यातूनही आग्रह करून वाढतो. माझी एक जर्मन मैत्रीण, जिचं नाव ती जिवंत असतानाच दगडावर कोरून ठेवलंय, सांगते की या वडीनं तिच्या दोन दाढा घेतल्या. दर नाताळाला डबा घरी येतो. ती तो पाखरांना घालते. पाखरं आता दुसऱ्या आळीत राहायला गेली आहेत.’”

हायकेचं हसू थांबलं. गावात जर्मन विधवा ती एकटीच होती.

“ऑब्री, हे तू छापलंस?”

“नाव कुठे घेतलंय? आणि इंग्लंडातलं मासिक इथे वाचतो कोण?”

काउंटरवर सूप पीत बसलेली वॉन्डा वळली. ही ‘लँटर्न’ची संपादक, बातमीदार आणि छायाचित्रकार. “इंग्लंडच्या मासिकात आपल्यावर लेख? आपल्या गावावर?”

‘लँटर्न’ची एक जुनी खोड होती. बाहेरच्या जगात कुठेही गावाचं नाव छापून आलं की ते जसंच्या तसं पहिल्या पानावर घ्यायचं. वादळाची बातमी असो की कुणाच्या अटकेची. कोल्टर्स बेंड म्हटलं ना, बस. आत काय लिहिलंय हे बघणं वॉन्डाला कोतेपणाचं वाटायचं.

“द्याल का हो, प्रोफेसर? पूर्ण छापते. फोटोसकट.”

ज्या पेपरवर हा माणूस दर आठवड्याला थुंकायचा, त्याच्या पहिल्या पानाचं नाव काढताच त्याचे कान लाल झाले. हायकेनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला. त्यानं मासिक पुढे केलं.

सोमवारी ती त्याच्या घरी गेली. ऑब्री दिवाणखान्यात स्वतःचे फोटो मांडून बसला होता.

“वॉन्डाला फोन कर आणि नको म्हणून सांग.”

“बाईसाहेब, पाइपवाला बरा की पुस्तकांपुढचा?”

“ऑब्री, डार्लीन वाचेल. तिनं मनात आणलं तर मी गोदामांमागे जाईन. ऊवे इकडे, मी तिकडे.”

“अगं, ही माणसं उपरोध समजणारी आहेत का? हंसाला समज देतात ती!” त्यानं पाइपवाला फोटो उजेडात धरला. “आणि तुला सांगतो, माझ्या लेखात एक स्वल्पविराम जरी हलला ना, तरी मी वॉन्डाला सोडणार नाही.”

हायके उभ्या उभ्या त्याच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं आपण याच्या विनोदाला चहा पाजला, असं तिच्या मनात आलं. याच्या जिभेवर जे काही चांगलं होतं ते निम्मं तिनंच पुरवलेलं, आणि त्याला ते आठवतही नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, दुसरी दाढ त्यानं पदरची घातली होती. गेली होती एकच.

मंगळवारी ती डार्लीनकडे गेली. डार्लीन गराजमध्ये जुने कपडे झटकत होती. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गावातली माणसं मेलेल्यांचे कपडे घालून ज्याच्या त्याच्या थडग्यापाशी उभी राहायची आणि तिकीट काढून आलेल्यांना ‘मी अमुक’ म्हणून आपली कहाणी सांगायची. त्या पैशात टेकडीवरचं गवत कापलं जायचं. यंदा पहिल्यांदाच ओपल उभी राहणार होती. तिचा फुलाफुलांचा झगा डार्लीनच्या हातात होता.

“डार्लीन, उद्याच्या पेपरात—”

“ऐकलंय. वॉन्डानं कालच फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिला वाटलं मला आनंद होईल.”

“मग तू मला काही बोलली का नाहीस?”

“बघत होते, येतेस का ते.” डार्लीननं झगा हँगरला लावला. “दाढांचं खरं?”

“एक. दोन नाही.”

“आणि पाखरांचं?”

हायकेनं मान खाली घातली. “खरं आहे. ऊवे होता तोवर तो खायचा.”

“आवडायचा त्याला?”

“चहात बुडवून ठेवायचा. रात्रभर.”

डार्लीन हसेल असं तिला क्षणभर वाटलं. डार्लीन हसली नाही.

“आईचा फज कसा होता ते गावाला ठाऊक आहे गं. चर्चच्या विक्रीत तो आम्हीच गुपचूप विकत घ्यायचो, नाहीतर तसाच पडून राहायचा. आई गेली तेव्हा मनात म्हटलं, चला, सुटलो. पण तू! तू दर वर्षी डबा उघडून ‘अप्रतिम’ म्हणायचीस, छातीवर हात ठेवून. म्हणून ती गेल्यावरही मी दर डिसेंबरला पातेलं ढवळत उभी राहिले. एकटी. फक्त तुझ्यासाठी. खांदा दुखायचा माझा, विहीणबाई.”

खोटी स्तुती फुकट असते असा हायकेचा आजवरचा समज. त्या स्तुतीचा बोजा दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर पडतो हे तिला आज कळलं.

“माझी जागा?” तिनं शेवटी विचारलं.

“शनिवारनंतर बघू. शनिवारी ओपल तू. फजही तूच करायचास, दगडावर लिहिलाय तसा, आणि येईल त्याला वाढायचास.”

“मी ओपल? अगं, माझे उच्चार—”

“मेल्यावर बदलले म्हणून सांग.”

बुधवारी ‘लँटर्न’ निघालं. ‘आपलं गाव विलायतेत गाजलं!’ असा मथळा, खाली पाइप ओढणारा ऑब्री. पोस्टात, किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर सगळे त्याला भेटून एकच वाक्य म्हणत होते, “वेगळंच लिहिलंय हं तुम्ही.” या गावात कुणाला कुणी शिवी देत नाही. एखाद्याचा अगदी तिटकारा आला की ‘वेगळंच आहे’ म्हणतात आणि हवापाण्याबद्दल बोलू लागतात. इतकी वर्षं राहून ऑब्रीला एवढं कळलं नव्हतं. तो प्रत्येकाचे आभार मानत अंकांचा गठ्ठा काखेत मारून फिरत होता.

शनिवारी दुपारी हायके ओपलचा झगा आणि ओपलचाच जाड चष्मा घालून दगडापाशी उभी राहिली. हातात थाळी. सकाळी डार्लीननं शेजारी उभं राहून तो फज तिच्याकडून ढवळून घेतला होता आणि एकदाही “राहू दे आता” म्हणाली नव्हती.

“मी ओपल ब्रॅकेट,” हायके येणाऱ्या घोळक्यांना सांगत होती. “चार पोरं वाढवली, तीन नवरे पोचवले. घ्या, वडी घ्या.” लोक घ्यायचे, गालात ठेवायचे आणि पुढच्या थडग्याकडे मुकाट्यानं चालू लागायचे. डार्लीन पलीकडच्या बाकावर बसून पाहत होती.

मग ऑब्री आला. मागे फर्गल, कॅमेरा घेतलेली वॉन्डा आणि बराच मोठा घोळका. विलायतेत गाजलेला माणूस थडग्यांपाशी काय बोलतो ते बघायला आलेला. ऑब्रीनं हायकेकडे पाहून डोळा मारला, जणू आज गुरुवार आहे आणि आपण खिडकीजवळ बसलोय.

“ओपलबाई,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “एक शंका आहे. इतका भयंकर पदार्थ दगडावर कोरून ठेवताना लाज नाही वाटली?”

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे हायकेवर. नेहमीसारखं हसून एखादी वरकडी केली असती तर ऑब्री खूश झाला असता, आणि ती हायवेपलीकडे गेली असती. तिनं चष्मा नाकावर सारखा केला.

“वाटली की. पण मी माझ्या दगडावर कोरलं, प्रोफेसर. दुसऱ्यांच्या थडग्यांवर चढून आपण उंच दिसतो का ते नाही बघितलं. आणि मेल्यानंतरही माझ्याकडे रांग आहे. तुम्ही शिकवत होतात तेव्हा वर्ग भरायचा का हो?”

कुठेतरी मागे कुणी तरी फिसकन हसलं. मग घोळकाच हसला.

“घ्या,” तिनं थाळीतली सगळ्यात मोठी वडी पुढे केली. “विलायतेत लिहिण्याआधी निदान चाखून तरी बघा.”

नाही म्हणायची सोय नव्हती. ऑब्रीनं वडी तोंडात टाकली, चावली, आणि वरचे दात खालच्या दातांना चिकटून बसले. त्यानं एक बोट वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. वॉन्डानं फोटो काढला.

“इतक्या वर्षांत हा गप्प बसलेला पहिल्यांदा पाहतोय,” फर्गल दगडापाशी वाकला. “थांबा, पाककृती उतरवून घेतो.”

घोळका हसत पुढे सरकला. ऑब्री रुमालात तोंड धरून त्याच्याबरोबर गेला. डार्लीन उठून आली, थाळीत किती वड्या उरल्यात ते पाहिलं.

“बरं बोललीस. पण त्यातलं निम्मं तुलाही लागू आहे.”

“माहीत आहे मला.”

“दगडवाल्याकडे जाऊन आले परवा. नाव घासून काढता येतं म्हणाला. पण खड्डा राहतो.” डार्लीननं आईच्या दगडावरचं एक वाळकं पान उचललं. “आमच्या जागेत खड्डेवाला दगड मला नको. तेव्हा ऊवेशेजारी तूच. मी खरं तर आईच्या पलीकडे जाणार होते, आता अलीकडे येते, तिच्या आणि तुझ्या मध्ये. तुम्हा दोघींना लागून ठेवलं तर फजवरून भांडाल, वर गवत उगवायचं नाही.”

हायकेच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरू लागलं.

“हसू नकोस,” डार्लीन तिच्या झग्याची कॉलर नीट करत म्हणाली. “पुढची माणसं आली. आई पाहुण्यांपुढे कधी हसली नाही.”