खोल पाणी बदलत नाही

यंत्र बनवणाऱ्या कंपनीला तिसरं पत्र लिहायला बसले तेव्हा माझं डोकं चांगलंच तापलं होतं. पहिल्या दोन पत्रांत मी 'कृपया' लिहिलं होतं. या पत्रातून तो शब्द मी काढून टाकला. करकरीत नवं यंत्र, खोक्यातून काढून थेट जहाजावर नेलेलं, चार हजार मीटर खोल सोडलं, तर त्याने मीठ कमी दाखवलं. किलोभर पाण्यामागे त्रेचाळीस मिलिग्रॅम कमी. कंपनीने ते बदलून दुसरं दिलं. तेही बरोब्बर त्रेचाळीसनेच कमी. असला माल गुपचूप ठेवून घेणाऱ्यांतली मी नव्हे.

आमचं जहाज दर वर्षी समुद्रातल्या त्याच जागी जातं आणि तळाच्या पाण्यातलं मीठ नि तापमान मोजून येतं. परत आलेली यंत्रं माझ्या खोलीत येतात. एक लांब टेबल, पाण्याचं एक टाकं आणि मी. यंत्र म्हटलं की ते थोडंफार भरकटणारच. त्याला ताळ्यावर आणायचं काम मी एकवीस वर्षं करतेय. ताळ्यावर आणायचं म्हणजे कशाशी ताडून बघायचं? तर खोल पाण्याशी. वरचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, तळाचं जिथल्या तिथे असतं. तळाशी यंत्राने नेहमीचा आकडा दाखवला नाही तर चूक यंत्राची. जितका फरक तितका मिळवायचा आणि वहीत दुरुस्ती म्हणून नोंदवायचा.

हा नियम माझ्या सासऱ्यांचा. ही खोली त्यांनीच उभी केली आणि निवृत्त होताना किल्ली माझ्या हातात ठेवली. "खोल पाणी बदलत नाही, सूनबाई," ते म्हणाले होते, "बदलतं ते यंत्र." मी ते वाक्य इतक्यांना ऐकवलंय की ते माझंच आहे असं लोकांना वाटतं.

पत्र अर्धं झालं होतं, तेवढ्यात शंकासुर दारात उभा राहिला. म्हणजे आमच्या संख्याशास्त्रज्ञ बाई. रुजू होऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी निम्म्या संस्थेला हैराण करून सोडलं होतं.

"तुमची वही बघू का जरा?" त्या म्हणाल्या. "चार वाजता अहवाल जातोय. तुमचा तक्ता पहिल्याच पानावर आहे, म्हणून म्हटलं एकदा डोळ्यांखालून घालावं."

"घाला की. वही काय चावत नाही."

अहवाल किनाऱ्यावरच्या सगळ्या सरकारांकडे जाणार होता. त्याचा सारांश एका ओळीचा: खोल प्रवाह स्थिर आहे, पुढच्या तीस वर्षांच्या योजना आहेत तशाच ठेवाव्यात. बंदरं, धरणं, पेरण्या, घरं उबदार ठेवायची तजवीज, सगळं त्या एका ओळीवर उभं. आणि ती ओळ उभी होती माझ्या तक्त्यावर. एकवीस वर्षं तळाच्या मिठाची रेघ आडवी, जराही न हललेली. त्या रेघेचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

बाईंनी वही चाळली. मग पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

"या सगळ्या दुरुस्त्या अधिकच कशा?"

"म्हणजे?"

"यंत्र चुकतं तर कधी जास्त दाखवेल, कधी कमी. इथे दर वर्षी कमीच दाखवलंय आणि तुम्ही दर वर्षी मिळवलंच आहे. एकदाही वजा नाही."

"यंत्रावर शेवाळाचा राप बसतो, बाई. राप बसला की मीठ कमीच दिसतं. तुम्ही आकडे बघता, मी यंत्रं घासते."

"बरोबर." त्यांची नजर माझ्या अर्ध्या पत्रावर गेली. "पण नव्या यंत्रावर कुठला राप?"

त्यांनी टेबलावरची माझी पेन्सिल उचलली आणि एकवीस वर्षांत एकावर एक चढत गेलेल्या दुरुस्त्यांची बेरीज केली. एकतीस आली.

"नवी यंत्रं त्रेचाळीसने कमी दाखवतात ना? मग बारा उरतात," त्या पुटपुटल्या.

"बघा! जुळत नाही तुमचं गणित," मी म्हणाले. माझा आवाज चिरका झाला होता. बारा मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही येणार नाही एवढं मीठ, पण त्या क्षणी मला त्याचाच काय तो आधार होता.

कारण बाकीचं मला कळून चुकलं होतं. उत्तरेला पाणी गारठतं, खारट असतं म्हणून जड होतं आणि तळाला बुडतं. ते तळातून दूर सरकत जातं आणि त्याची जागा घ्यायला वरून उष्ण पाणी उत्तरेकडे येतं. अर्ध्या जगाची ऊब अशी पोचते. बर्फ वितळून गोडं पाणी मिसळलं की मीठ कमी, मीठ कमी की पाणी हलकं, आणि हलकं पाणी बुडतच नाही. मग ऊब वाटेतच अडते. एकीकडे थंडी कडाडते, दुसरीकडे उष्णता साचते, पाऊस आपली जागा सोडतो. हे सगळं मी शाळेतल्या मुलांना संस्था दाखवताना पाठ म्हणून दाखवत आले होते. आणि समुद्र दर वर्षी मला सांगत होता की मीठ कमी होतंय, तर मी दर वर्षी माझ्या हाताने त्यात मीठ घालत होते.

कंपनीला लिहिलेलं पत्र समोरच होतं. 'सदोष माल', मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं.

"मी घरी जाऊन येते," मी म्हणाले.

"आत्ता? दोन वाजलेत."

"आलेच."

घर संस्थेच्या मागच्याच गल्लीत. सासरे खिडकीशी बसून घड्याळ दुरुस्त करत होते; निवृत्तीनंतर त्यांनी आख्ख्या शेजाराची घड्याळं ताळ्यावर आणली होती. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि भराभर सगळं सांगून टाकलं. त्यांचा जन्म गेला त्या खोलीत. माझं नाव गेलं तर गेलं, पण ब्याऐंशीव्या वर्षी या माणसाला असं सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. ते आकांडतांडव करतील, मला मूर्ख म्हणतील असं वाटलं. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"नवं यंत्र किती कमी दाखवतंय म्हणालीस?"

"त्रेचाळीस."

"आणि तुझ्या वहीत?"

"एकतीस. बाबा, बारा उरतात. म्हणजे कदाचित बाईंचंच चुकत असेल, हो ना?"

त्यांनी वही मिटली. "माझा शर्ट दे. मी येतो तुझ्याबरोबर."

"तुम्ही कशाला? जिना आहे तिथे."

"दे म्हटलं ना."

संचालकांच्या खोलीत अहवालाच्या छापील प्रती गठ्ठा करून ठेवल्या होत्या. सासऱ्यांना बघून संचालक उठून उभे राहिले. संस्थेत अजून त्यांचा तेवढा मान होता. मी बोलले. बाई आकडे दाखवत गेल्या. संचालकांचा चेहरा आधी हसरा होता, मग तोंड नुसतंच उघडं राहिलं.

"पण दुसऱ्या संस्थांचं काय?" ते म्हणाले. "त्यांचेही आकडे स्थिरच आहेत की!"

"ते आपल्या तक्त्याशी ताडून आपली यंत्रं लावतात," बाई म्हणाल्या. "आपला सगळ्यात स्थिर, म्हणून."

हे मला माहीत होतं. मीच तर पाठवायचे तो तक्ता, दर वर्षी, सतरा ठिकाणी. पण त्याचा अर्थ आत्ता लागला.

"हे कधीपासून चाललंय?" संचालकांनी मला विचारलं.

"एकवीस वर्षं. मी आले तेव्हापासून."

"नाही," सासरे म्हणाले. "तीस वर्षं. माझ्या वेळी वही नव्हती. स्क्रू फिरवायचा आणि आकडा जागेवर आणायचा. ती बारा माझी आहेत."

माझ्या आधाराचं बारा मिलिग्रॅम त्यांनी असं काढून घेतलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं ना, बाबा? शंकाही आली नव्हती ना?"



"शेवटच्या वर्षी आली होती," ते म्हणाले. "तेव्हाही एक नवं यंत्र आलं होतं. बाराने कमी दाखवत होतं. मी परत पाठवलं. कंपनीने लिहिलं, यंत्रात काही दोष नाही, तुमचं पाणी तपासा. मी ते पत्र फाडून टाकलं. निवृत्तीला दोन महिने होते. आणि मग किल्ली तुला दिली."

एकवीस वर्षं ताटाला ताट लावून जेवलो होतो आम्ही. मला रडू आलं नाही, संताप आला. इतका की कानांत नुसतं भणभणायला लागलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले. संचालकांच्या खोलीत, सासऱ्यांवर, सगळ्यांसमोर. "मी तुमचं वाक्य लोकांना ऐकवत फिरले!"

"सांगितलं असतं, तर तू तपासलं असतंस," ते म्हणाले.

संचालकांनी गठ्ठ्यावरची वरची प्रत उचलली आणि पहिलं पान फाडलं. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. पावणेचार वाजले होते. सतरा संस्थांना आणि सगळ्या सरकारांना आत्ताच्या आत्ता कळवायला हवं होतं. मी पहिली ओळ लिहिली: खोल पाणी बदललं आहे, आणि गेली तीस वर्षं आम्ही ते झाकत आलो.

सासऱ्यांनी हात पुढे केला. त्यांना सही करायची होती.

मी पेन दिलं नाही. आधी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचायला लावली.