सर्व्हरच्या पोटातला सेल

सर्व्हर बंद पडला की यशपालला आनंद व्हायचा. उघड नव्हे. कपाळाला आठ्या घालून, "आता काय झालं ह्याला," असं पुटपुटत तो खुर्चीतून उठायचा. आतून मात्र उकळ्या फुटत असायच्या.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला तो टॉवेलचा कारखाना. ऑर्डरी, बिलं, गठ्ठ्यांवर चिकटवायची लेबलं, सगळा कारभार एका जुनाट सर्व्हरवर चालायचा. वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली, की हे म्हातारं उठायचं ते कुठल्या तरी जुन्यापुराण्या सालाची तारीख घेऊन. वर नेटवर्कचं कार्डही ओळखायचं नाही. मग बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याशी बोलेनात, लेबलं निघेनात. यशपाल यायचा, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लावायचा, जुन्या सीडीवरून कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा चढवायचा आणि प्रिंटर खडखडायला लागायचा. "यशपाल नसता तर माझ्या कारखान्याला कुलूप लागलं असतं," असं मृत्युंजयशेठ चारचौघांत म्हणायचे. तेवढ्या एका वाक्यावर हा गडी महिनाभर ताठ मानेनं फिरायचा.

आणि मग त्याच्याच कामाला वैष्णवी आली. उजनीच्या पाण्याकाठच्या गावची, पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची पोर. शेठ म्हणाले, "हिला सगळं दाखव. दिवाळीनंतर बघू. एका खोलीत दोन माणसं कशाला लागतात?" दोघांतलं कोण जाणार, ते त्यांनी सांगितलं नाही. यशपाल काही दुधखुळा नव्हता.

कॉम्प्युटर अडला की गोडाऊनचा धुळाप्पा वर्षानुवर्षं त्यालाच हाक मारायचा. तो आता सरळ वैष्णवीच्या टेबलाकडे वळायला लागला. "मॅडम लई शांतपणानं सांगत्यात की ओ," असं वर यशपाललाच ऐकवायचा. यशपालच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शांतपणानं म्हणे! दुपारी तिनं डब्यातली शेंगाचटणी पुढं केली, तर तीही सगळ्यांना आवडली. यशपालच्या घशाखाली काही ती उतरली नाही. तो जळत होता, सरळ सांगायचं तर. आशा एकच उरली होती, ती सर्व्हरची. सीडी त्याच्या कप्प्यात होती आणि कप्प्याची किल्ली त्याच्या खिशात.

एका दुपारी वीज गेली. आली तेव्हा सर्व्हरनं नेहमीचं रडगाणं लावलं. फाटकात ट्रक उभा, आणि गठ्ठ्यांना लेबलं नाहीत. यशपाल चहा घेऊन निवांत बसला.

"मॅडम बघतील की," तो म्हणाला. आज हिची फजिती साऱ्या कारखान्यानं बघावी, एवढीच त्याची इच्छा होती.

वैष्णवीनं सीडी मागितलीच नाही. स्क्रीनकडे बघत ती म्हणाली, "तारीखही जाते आणि कार्डही हरवतं? दोन्ही एकदमच? मग दुखणं एकच असणार, सर. आतला सेल संपलाय. वीज गेली की हा सगळ्या सेटिंग विसरतो. नेटवर्कचं मूळचं, बंद करून ठेवलेलं दुसरं कार्ड आपोआप चालू होतं आणि ड्रायव्हरचा घोळ होतो." बोलता बोलता तिनं सर्व्हर बंद करून पेचकस उचललासुद्धा.

"उघडू नका!" यशपाल ओरडला. इतक्या मोठ्यानं, की शेठ केबिनमधून बाहेर आले. तोवर झाकण निघालं होतं.

झाकणाला आतून चिकटपट्टीनं एक सेल चिकटवलेला होता. रुपयाएवढा, पाकीटसुद्धा न फोडलेला.

तो यशपालनंच आणला होता, कधीचा. बसवणारही होता. पण नेमकं त्याच दिवशी शेठनी ते कुलपाचं वाक्य पहिल्यांदा म्हटलं. बसवू उद्या, असं म्हणून त्यानं झाकण लावलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. ड्रायव्हरचं दुखणंही त्या सेलमुळंच होतं, हे मात्र त्याला आज कळत होतं. इतकी वर्षं जिला तो आपली कला समजत होता, ती एवढीच.

वैष्णवीनं सेलकडे बघितलं, मग त्याच्याकडे. यशपालची कानशिलं तापली. आता ही बोलली की संपलं.

"शेठ, सरांनी सेल आधीच आणून ठेवलाय," ती म्हणाली. "बसवायचाच राहिला होता."

"बघा! माझा यशपाल तो यशपालच. ह्याला मी कुठं जाऊ देत नसतो!" शेठ खूश होऊन आत गेले.

नोकरी वाचली होती, आणि तीही हिच्या मेहेरबानीनं. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. सेल त्याच्या हातावर ठेवून ती म्हणाली, "तुम्हीच बसवा." त्यानं बसवला. सर्व्हर चालू करून तिनं ते नको असलेलं कार्ड बंद केलं, त्यानं ड्रायव्हर चढवला आणि घड्याळात बघून वेळ लावली. पलीकडे प्रिंटर खडखडायला लागला.

"शेठना खरं का नाही सांगितलंत?" त्यानं मान वर न करता विचारलं.

झाकणाचे स्क्रू आवळत ती म्हणाली, "आमचे आण्णा मोटरीचा एक नट मुद्दाम ढिला ठेवायचे. आठ-पंधरा दिवसांत माणूस परत बोलवायला यायचा. गावात लई मान होता त्यांना."

"मग?"

"मग लोकांनी नव्या मोटरी घेतल्या. आता आण्णा बांधावर बसून त्यांचा आवाज ऐकत असतात."