तानुबाईचा नंबर

तानुबाईनं दुधाची कॅन काट्यावर ठेवली, केंद्र चालवणाऱ्या परमेश्वरनं तिचा नंबर दाबला आणि मशीन बंद पडलं.

"घ्या!" रांगेतून कमलबाई म्हणाली. "हिनं हात लावला की झालंच."

पोखर्णीच्या वाटेवरच्या या गावात दूध केंद्रावर नवं मशीन आल्यापासून रोज हेच चाललं होतं. बाकी सगळ्यांचं दूध घेताना गुमान चालणारं मशीन तानुबाईपाशी येऊन मरायचं. परमेश्वरनं तिला रांगेत शेवटी उभं करून पाहिलं. तरी शेवटी तिच्यापाशी ते बंद पडायचंच आणि दिवसाचा अहवाल डेअरीला जायचाच नाही. माणसांना तर तेवढंच निमित्त पुरलं. बाईचा पायगुण, दुसरं काय! गावातल्या प्रत्येक बारशाला पाळणा म्हणणारी ही बाई. पण उद्या कमलबाईच्या नातीचं बारसं होतं आणि तानुबाईला बोलावणं नव्हतं. ते तिला फार लागलं होतं.

आज परभणीहून श्रीशैल आला होता. मशीनचा प्रोग्राम त्यानंच लिहिलेला. बंद पडताना बघायचं म्हणून त्यानंच तानुबाईला रांगेत मध्ये घेतलं होतं. त्यानं लॉगची, म्हणजे मशीनच्या नोंदींची फाईल उघडली. रांगेत तानुबाईच्या पुढं असलेल्या कल्याणरावांच्या दुधापर्यंत सगळ्या नोंदी धड होत्या, त्यापुढं काहीच नाही.

"फक्त यांचंच नाव मराठीत टाकलंय का?"

"व्हय," परमेश्वर म्हणाला. "मावशी साक्षरतेच्या वर्गात नाव वाचायला शिकली. पडद्यावर मराठीतच पायजे म्हनली. बाकी सगळे इंग्रजीत हायेत."

श्रीशैलनं कपाळाला हात लावला.

"अहो, मशीन प्रत्येक नोंद या फाईलमध्ये लिहितं. फाईल मराठी अक्षरं घेईल अशी मी उघडलीच नाही. मराठी नाव आलं की प्रोग्रामला ते लिहिता येत नाही, आणि तो तिथंच बंद पडतो. यात बाईंचा काय संबंध?"

"मग इंग्रजीत करून टाक की," परमेश्वर म्हणाला. "एका मिनिटाचं काम."

"न्हाई," तानुबाई म्हणाली. "नाव बदलल्यावर मशीन चाललं, तर लोक काय म्हनतील? नावच वंगाळ व्हतं म्हनतील. तुमचं मशीन नीट करा सायेब, मला नीट करू नका."

कोणीतरी फिसकन हसलं. श्रीशैल हसला नाही. फाईल उघडण्याच्या ओळीत त्यानं मराठीसकट सगळ्या लिपींना चालणारं 'युटीएफ-८' एवढं टाकलं, प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि बाजूला झाला.

"दाबा नंबर."

परमेश्वरनं दाबला. पडद्यावर तानुबाईचं नाव आलं, खाली लिटर आले, फॅट आलं. पावती निघाली. श्रीशैलनं लॉग उघडून पडदा रांगेकडे वळवला. कल्याणरावांच्या इंग्रजी नावाखाली 'तानुबाई' असं स्वच्छ मराठीत उमटलं होतं. तानुबाईनं बोट टेकवून एकेक अक्षर वाचलं.

"चला, पुढं या," परमेश्वर म्हणाला. रांग सरकली. कमलबाईचंही दूध झालं. मशीन चालतच राहिलं.

तानुबाई कॅन विसळून निघाली, तशी कमलबाई पदर सावरत तिच्या मागं आली.

"आक्का, उद्या दुपारी ये बरं. पाळना तूच म्हनायचा. मी यायलीच व्हते सांगायला, पन कामात राहून गेलं बघ."

तानुबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज साधाच होता.

"मशीननं हो म्हनलं म्हनून बोलवायलीस," ती म्हणाली. "उद्या त्येलाच घेऊन जा. त्येलाच म्हनू दे पाळना."