सतरा नंबरचं रक्त

महेंद्र बनसोडे हिवताप खात्यात लागला त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि या अठरा वर्षांत त्याने एकदाही खोटं रक्त घेतलं नव्हतं. खात्यात ही गोष्ट गुणांत धरत नसत, भोळेपणात धरत. महिन्याचं टार्गेट भरेना म्हणून स्वतःच्याच करंगळीच्या वीस काचपट्ट्या करून त्यांवर वीस जणांची नावं घालणारे महाभाग त्याने पाहिले होते. एका गावात तर एकाच दिवशी वीसही माणसांना हिवताप निघाला, कारण त्या दिवशी पट्ट्या करणाऱ्यालाच ताप होता. महेंद्र मात्र लूनावरून वाड्यावस्त्या फिरायचा, बोट टोचायच्या आधी माणसाचं नाव विचारायचा, आणि भिंतीवर गेरूने तारीख टाकून पुढे जायचा.

म्हणून अठ्ठ्याण्णव सालचा दसरा झाल्यावर साहेबांनी त्याच्यासमोर कागद सरकवला, तेव्हा तो आधी दुसऱ्या कुणाचा असेल असंच त्याला वाटलं.

"वाचा मोठ्यानं," साहेब म्हणाले.

"क-१७ या नमुन्यात हिवतापाचे जंतू आढळून आले नाहीत. सदर रक्त रुग्णाचे नसून अन्य इसमाचे असल्याचा दाट संशय आहे. तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा निलंबनाची कारवाई..." महेंद्र वाचायचा थांबला.

"काचपट्टीवर जंतूच जंतू, आणि त्याच माणसाच्या कागदावर एकही नाही. कुणाचं रक्त लावलंत बनसोडे? स्वतःचं?"

"साहेब, अठरा वर्षं झाली..."

"तेच म्हणतो मी. एवढी वर्षं धीर धरलात, थोडा आणखी धरायचा."

क-१७ म्हणजे बोरखडीच्या बयाबाईचा एकुलता एक दादासो. कवठे महांकाळच्या त्या माळावर डासाला बुडी मारायला पाणी नाही, तिथे असला जहरी हिवताप यायचा कुठून? दादासो पलटणीत होता, आसामात. आषाढात बेंदराला सुट्टीवर आला तो आईसाठी आसामचा चहा आणि अंगात आसामचा ताप घेऊन. महेंद्रने पट्टी घेतली, क्लोरोक्विनच्या गोळ्या तीन दिवस समोर बसून गिळायला लावल्या. आठव्या दिवशी पोरगं पुन्हा तीन वाकळांखाली कुडकुडत होतं, आणि नव्या पट्टीवर जंतू तसेच. मग डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, ताप उतरला, सुट्टी संपली आणि दादासो पलटणीत परत गेला.

पण त्या वर्षी नवीन आदेश निघाला होता. जिथे गोळी हरेल तिथे दुसरं औषध द्यायच्या आधी रोग्याचे तीन थेंब जाड टिपकागदाच्या पट्टीवर घ्यायचे, सावलीत तीन तास वाळवायचे आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे त्या वाळल्या थेंबातून जंतूचं जनुक वेगळं काढून तपासत. त्यात ठरावीक जागी बदल दिसला, तर जंतू गोळीला पुरून उरायला शिकला असं समजायचं. महेंद्रला ही कल्पना फार आवडली होती. आजवर गोळी लागू पडली नाही की दोष एकतर रोग्याचा, "गिळलीच नसंल", नाहीतर त्याचा, "दिलीच नसेल". आता पहिल्यांदाच कुणीतरी जंतूला विचारणार होतं. आणि विचारलं तर काय, तर जंतू जागेवरच नाही.

पत्रासोबत त्या कागदी पट्टीची झेरॉक्स होती. दुपारी एसटी स्टँडवर चहा पिताना महेंद्रने ती नीट पाहिली आणि कप खाली ठेवला. पट्टीवर काळे ठिपके पाच होते. आणि क-१७ हा आकडा त्याच्या हातचा नव्हता; तो लिहिलेलाच नव्हता, चित्र काढावं तसा काढलेला होता. सातचा विळा झाला होता.

त्याने लूना बोरखडीकडे वळवली. वाटेत त्याने बयाबाईला सुनावायचं सगळं जुळवून ठेवलं होतं.

बयाबाई पडवीत शेंगा फोडत बसली होती. "म्हैंदर? आज कुनाला टोचायला आलास रं?"

"कुणाला नाही मावशी. तुमचं बोट बघायला आलोय."

तीन महिन्यांत बोट कधीच भरून आलं असणार, तरी तिने ते पदराखाली घेतलं.

"तुला कुनी सांगितलं?"

"थेंबांनी. मी तीन टाकतो. तुम्ही पाच टाकलेत."

"कमी पडू नये म्हनून रं," बयाबाई खालमानेने म्हणाली. "सरकारी काम."

त्या दिवशीचं सगळं महेंद्रला आता दिसलं. पट्टी त्याने याच पडवीतल्या दोरीला चिमट्याने लावली होती, कोऱ्या पट्ट्यांची पिशवी आणि शिसपेन्सिल खाली ठेवून तो वरच्या आळीला गेला होता. तीन तास. आणि परतल्यावर घाईत पट्टी न बघताच पाकिटात घातली होती.

"कशानं टोचलंत?"

"बाभळीचा काटा. तुज्या सुईपरास बरा, दुकत न्हाई."

"पण का, मावशी?"

शेंगा फोडायच्या थांबल्या. "तू काचंवर घेतलंस तवा म्या बोलली का काय? काच धुता येती. कागदाचं तसं न्हाई. ह्या घरातनं मानूस सरकारी कागदावर गेला का परत येत न्हाई बाबा. दादाचा बा सही करून गेला. दादा एक वर्साचा हुता. एकाहत्तरला परत आला त्यो कागुदच. पोराची सही त्यास्नी गावलीच हाय. आता रगत बी द्यायचं? म्हनलं माजं जाऊ दे. माजं कोन मागतंय."

महेंद्रने वाटेत जुळवलेलं सगळं तिथेच विस्कटलं. तो पायरीवर टेकला आणि त्याला म्हणायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं. "माझी नोकरी जातीय मावशी."

"माज्यापायी?"

बयाबाई उठली, आत गेली. बराच वेळ भांडी हलवल्याचा आवाज येत राहिला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात मिलिटरी कॅन्टीनच्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"जाळवंना, लेकराचं रगत. टाकवंना, कुनाचा पाय पडंल. मग ठिवलं."

डब्याच्या तळाशी मूठभर जोंधळा होता, दमट धरू नये म्हणून. वर किडीसाठी निंबाचा वाळला पाला. त्यावर दादासोची पत्रं, चार घड्यांची एकाहत्तरची पिवळी तार, आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली टिपकागदाची पट्टी. तीन ठिपके, वाळले होते त्या दिवशीच्यासारखे. बाजूला महेंद्रच्या हातचं क-१७.

नमुना कोरडा, अंधारात आणि किड्यामुंगीपासून दूर ठेवावा, असं परिपत्रक होतं. त्या परिपत्रकासकट आधीचे अकरा नमुने ऑफिसच्या कपाटात वाळवीने खाल्ले होते.

"हे मला द्याल?"

"परत आनशील?"

खात्यात गेलेली वस्तू परत आल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. "एक ठिपका कापून घेतील. राहिलेलं मी आणतो."

बयाबाईने पट्टी पुढे केली आणि पुन्हा मागे घेतली. महेंद्रला वाटलं, खात्री हवी असेल. त्याने खिशातलं पेन काढलं. "लिहून देऊ?"

"नगो, नगो!" ती घाबरलीच. "कागदावर नगो. तोंडानं सांग."

त्याने तोंडाने सांगितलं.

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. "'रुग्णाच्या आईने मुलाचे रक्त काढून घेऊन त्या जागी स्वतःचे ठेवले.' असं कुणी लिहितं का बनसोडे? वरचे हसतील."

"मग खोटं लिहू का साहेब?"

साहेबांनी ती ओळ खोडली, वर "तांत्रिक कारणास्तव नमुन्यांची अदलाबदल" असं लिहिलं आणि खरी पट्टी पाकिटात घालून सही ठोकली. "खोटं नाही हे," ते म्हणाले. "आई म्हणजे तांत्रिकच कारण."

उत्तर यायला संक्रांत उलटली. मधल्या दिवसांत महेंद्र कामावर जात होता, पण सहकारी त्याच्याशी फारच प्रेमाने बोलत, नोकरी जाणाऱ्याशी बोलतात तसं. त्याने एसटीडी बूथवरून पुण्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा निकालाचं विचारून झाल्यावर म्हणाला, "आणि तेवढी पट्टी परत पाठवा."

"परत? तिचं काय करणार तुम्ही?"

"शब्द दिलाय, मॅडम."

निकाल आला. क-१७ च्या जंतूचं जनुक बदललेलं होतं. दादासोने गोळ्या प्रामाणिकपणे गिळल्या होत्या, महेंद्रने प्रामाणिकपणे दिल्या होत्या, आणि जंतूने दोघांनाही जुमानलं नव्हतं. ईशान्येकडून सुट्टीवर आलेल्या जवानाला ताप असला तर कागदावरचा नमुना आणि पाठपुरावा सक्तीचा, असा आदेश जिल्ह्यात निघाला. खुलासा मान्य झाला. शिवाय प्रयोगशाळेने विचारलं होतं, सहा महिने जुना नमुना इतका उत्तम राहिला, तर साठवणुकीची पद्धत कळवावी. महेंद्रने कळवलं: जोंधळा, निंबाचा पाला, बिस्किटाचा डबा.

निकालासोबत परत आलेली पट्टी घेऊन तो त्याच संध्याकाळी बोरखडीला गेला. दोन ठिपके तसेच होते. तिसऱ्याच्या जागी वाटोळं भोक होतं. बयाबाईने पट्टी उजेडाकडे धरून त्या भोकातून दाराबाहेर निवांत पाहिलं. मग डबा उघडला, तारेच्या वर ती ठेवली आणि झाकण हाताने दाबून बसवलं.

"आला परत," ती म्हणाली. हे महेंद्रला उद्देशून नव्हतं.

मग तिने आसामचा चहा टाकला. कप पुढे सरकवता सरकवता तिला आठवलं.

"आन माजं रं?"

"तुमचं त्यांनी ठेवून घेतलंय मावशी. जंतू नसलेलं रक्तही जवळ लागतं म्हणे, ताडून बघायला. तुमचं भरपूर होतं."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," बयाबाई म्हणाली. त्या दिवशी पदराखाली घेतलेलं बोट तिने आपणहून त्याच्यापुढे धरलं. "लागलं तर अजून ने. पर दादाचं मागू नगा म्हनावं."