चंद्रोदयाची वेळ

चित्राने खिडकीच्या काचेवरचा सुटलेला चंदेरी कागद तळहाताने दाबला आणि वरून टेप ओढली. टेप धरेना. फटीतून उन्हाची पट्टी थेट उशीवर येऊन पडली. रात्रीचे नऊ वाजायला आले होते आणि बाहेर मुलं सायकली फिरवत होती, शाळा आत्ताच सुटल्यासारखी.

इनुविकला येऊन तिला काही आठवडे झाले होते, पण इथे तिने सूर्य मावळताना पाहिला नव्हता. कॅनडाच्या पार उत्तरेकडचं हे गाव. उन्हाळ्यात इथला दिवस आभाळभर हिंडतो, घरी म्हणून जात नाही. हॉस्पिटलातली नर्सची शिफ्ट संपे, दिवस संपत नसे. झोप अंगात साठून राही, डोळ्यांत उतरत नसे.

त्यात आज संकष्टी. सकाळपासून पोटात चहा आणि एक केळं. दुपारी डोरीनने, तिच्याबरोबरच्या इथल्याच नर्सने, केक पुढे केला, तेव्हा चंद्र उगवेपर्यंत उपास आहे, असं चित्राने सांगितलं. डोरीन खळखळून हसली. म्हणाली, उन्हाळ्यात इथे चंद्राला विचारतंय कोण!

चित्राही हसली होती. नजर मात्र फोनवर होती.

नवरा, नंदन, गेल्यावर तिने दक्षिणेकडच्या कोक्विटलाम गावातलं राहतं घर विकून टाकलं. प्रत्येक खोलीत त्याचं आजारपण बसलेलं, तिला तिथे राहवेना. पण टोरोंटोत असलेल्या शौनकला, आपल्या एकुलत्या एका मुलाला, तिने विचारलं नाही. ते बाबांचंही घर होतं, एवढंच तो म्हणाला आणि गप्प झाला तो गप्पच.

राहिलं ते एकच. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ शोधून सांगायचं काम शाळेत असल्यापासून त्याचं. भांडणानंतरही दर महिन्याला त्या दिवशी दुपारच्या आत मेसेज येई. ना ‘आई’, ना ‘कशी आहेस’. नुसती वेळ. त्या चार आकड्यांवर तिचा महिना निघे. इकडे येताना तिने गावाचं नाव त्याला कळवलं होतं.

आज काहीच आलं नव्हतं.

‘वेळ?’ असं तिने दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. मागून घेतलेली वेळ काय कामाची! मग उठून तिने वरणभाताचं झाकण काढलं. आता जेवावं, निजावं. पुढच्या महिन्यापासून हा उपासही नको आणि ही वाट बघणंही नको.

ताट वाढून होतंय तोच फोन वाजला. मेसेज नव्हता.

“आई, मी बोलतोय.”

तिने हातातला डाव पातेल्यात ठेवला.

“बोल.”

“तुझ्या गावात आज चंद्र उगवतच नाही. तीन साइट्सवर चेक केलं. वेळेच्या जागी नुसती रेघ आहे. रेघ कशी पाठवू? सकाळपासून विचार करतोय, काय लिहावं.”

सकाळपासून. चित्रा कडेच्या खुर्चीवर टेकली.

“असं होतं होय?” तिने विचारलं.

“इतक्या नॉर्थला होतं. तू जेवून घे बघू. असं उपाशी राहू नको.”

तिने वाढलेलं ताट हलकेच बाजूला सरकवलं.

“तुझ्याकडे कधी आहे?”

“पावणेबाराला. अजून अर्धा-पाऊण तास. पण समोर सगळे टॉवर्स, माझ्या बाल्कनीतून नाही दिसायचा.”

“दिसला की सांग. मग जेवते.”

सांगतो म्हणून तो फोन ठेवील, असं तिला वाटलं. पलीकडे किल्ल्या वाजल्या, दार ओढल्याचा आवाज आला.

“खाली तलावाकडे जातो, तिथून दिसेल,” शौनक म्हणाला. “लिफ्टमध्ये आवाज जाईल थोडा वेळ. ठेवू नको हं.”

“नाही ठेवत,” ती म्हणाली.