पुढं कोण चालणार

आमच्या ह्यांना कुणाला रस्ता विचारायचा म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. गुंदच्या रानात बारा वर्षं पाहुण्यांना फिरवलेला माणूस, तो कशाला कुणाला रस्ता विचारेल? रानात ते चालून जातं. पण हनोईत? जिथल्या पाट्यांवरचं एक अक्षर आम्हा दोघांना कळत नाही, तिथं हा बाबा सॅक पाठीवर टाकून असा तरातरा निघायचा, जणू ह्याच्या मामाचाच गाव.

जोयडा तालुक्यातल्या गुंदला आमचा होमस्टे आहे. तीन खोल्या, मागे सुपारी, पुढे भातशेत. रांधायचं मी आणि पाहुण्यांना रानात न्यायचं ह्यांनी, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून आपोआप झाली. पाठीवर घर बांधून आलेली गोरी जोडपी अंगणात बघून बघून ह्यांच्या डोक्यात किडा शिरला, की आपणही एकदा असंच जायचं. यंदा पावसाळ्यात खोल्या रिकाम्या होत्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, पण आम्ही गोव्याहून विमानात बसलो. हनोई, मग हुए, मग दा नांग. बारा दिवस.

निघण्याआधी एक गोष्ट मात्र लोंबकळत राहिली होती. आमच्याकडच्या रानवाट समितीनं नवा नियम काढला. यापुढे पाहुण्यांना रानात न्यायचं तर समितीचं कार्ड हवं, आणि एका घराला एकच कार्ड. अर्जाची शेवटची तारीख एकतीस जुलै. हे म्हणाले, "माजं नाव घालायचं, त्यात इचारायचं काय?"

मी म्हटलं, "माजं घालूया."

मी काही गंमत करत नव्हते. माझं माहेर अणशी, तेही रानातच. बाबांच्या मागनं रानात हिंडले, पानाचा वास घेऊन झाड सांगते, आवाजावरून पाखरू सांगते. हे पाहुण्यांना नेतात म्हणजे काय, 'चला, चला' करत पळवतात. सगळे प्रश्न मग ती माणसं जेवताना मला विचारतात, आणि मी हातात पळी घेऊन उत्तरं देते. पण हे हसले. इतके हसले की चहा लुंगीवर सांडला. "तू पुढं चालणार? आन् पाव्हण्यांना जेवाण मी घालू व्हय?"

ते हसणं मला लागलं. मनाशी ठरवलं, या बारा दिवसांत ह्यांच्या तोंडून हो म्हणवून घ्यायचं. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, जन्मभर पळी धरायची.

आता हनोईचं ऐका. तिथलं सिमकार्ड एकाच फोनला घेतलं, माझ्या. म्हणजे नकाशा माझ्याकडे. पण पुढे चालणार कोण? हे! मी मागून फोन बघत ओरडायची, "डावीकडं! अवो, डावीकडं!" आणि हे उजवीकडे वळायचे, कारण उजवीकडचा रस्ता ह्यांना 'बरोबर वाटायचा'. अंगावर स्कूटरींचा लोंढा, फुटपाथवर एवढ्याएवढ्या स्टुलांवर बसून शेवया खाणारी माणसं, त्यांच्यातून सॅक आपटत आम्ही एकाच तळ्याला तीनदा वळसा घातला. तिसऱ्यांदा एका म्हातारीनं आम्हाला ओळखून हात केला. ह्यांनीही केला. वर मला म्हणाले, "बघ, वळख झाली."

हुएची गाडी मात्र छान गेली, ते कबूल करायला हवं. सकाळी खिडकीबाहेर भातशेतीच भातशेती. हे खिडकीला नाक लावून बसले. "आपल्यासारकंच गे. पन ओळी बघ कशा, दोरी लावल्यागत." घरून आणलेल्या अवलक्कीच्या, म्हणजे पोह्यांच्या, पुड्यातली मूठमूठ आम्ही खाल्ली, समोरच्या बाईलाही दिली, तिनं कसलीशी लाल फळं दिली. ह्यांनी ती सोलून आधी मला दिली. मला वाटलं, हीच वेळ आहे, काढावा विषय. तेवढ्यात हे म्हणाले, "गावी गेलो की आदी त्यो अर्ज टाकूया. कार्डावर फोटो माजा निळ्या शर्टातला लावायचा." मी तोंडातलं फळ गिळलं आणि बाहेर बघत बसले.

हुएला दुसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. चार वाजता दा नांगची गाडी होती, त्याआधी बाजार बघायचा होता, आणि ह्यांनी सकाळीच दोन चुकीची वळणं घेऊन झाली होती. मी रस्त्यातच थांबले. "आज मी पुढं. तुमी मागं या."

"बरं बाई," म्हणाले. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

मी पुढे झाले. पंधरा मिनिटांत बाजार आला, एकही वळण न चुकता. खरं सांगते, छाती फुगली होती. आत मासळी, टोपल्या, टोप्या, कंदांचे ढीग. आमच्या रानातल्या कोन नावाच्या कंदासारखा कंद दिसला तेव्हा मी म्हटलं, "बघितलंसा का?" उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर मागे हे नाहीत.

मी घाबरले नाही. आमच्या रानात फोनला रेंज नसते, त्यामुळे आमच्यात एक पक्की रीत आहे. वाटेत चुकामूक झाली तर मागच्यानं जागचं हलायचं नाही, पुढच्यानं माघारी यायचं. हे स्वतः प्रत्येक पाहुण्याला हे दहादा बजावतात. म्हणजे हे मागे कुठंतरी उभे असणार. मी आल्या वाटेनं माघारी गेले. टोप्यांपाशी नाहीत. मासळीपाशी नाहीत. बाजाराच्या तोंडाशीही नाहीत. पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. ह्यांच्या फोनला सिम नाही. तीन वाजले, चार वाजले. गाडी गेली. खांद्यात सॅकचे पट्टे रुतत होते. परक्या गावात माझा नवरा हरवला, हे सासूबाईंना कसं सांगायचं, इथपर्यंत माझी मजल गेली.

सहाला मी आदल्या रात्रीच्या लॉजवर आले, तर हे पायरीवर बसलेले. शर्ट घामानं चिकटलेला, एका चपलेचा अंगठा तुटलेला. मला बघून उठले आणि ओरडले, "कुटं गेलतीस? सकाळपासनं जितनं जितनं आलो तितं तितं माघारी जाऊन बघितलं मी! टेसनापतुर जाऊन आलो!"

"माघारी?" मी म्हटलं. "तुमी कशाला माघारी गेलासा? पुढचा माघारी येतो. मागच्यानं थांबायचं असतंय!"

"व्हय की. म्हनूनच..." आणि थांबले.

"मागं कोण हुतं आज?"

हे पुन्हा पायरीवर बसले आणि सांगू लागले. कंद हातात घेऊन बघायला खाली बसले होते, मान वर केली तर मी दिसले नाही, आणि उठून सरळ मला शोधायला माघारी चालू लागले. पुढचा माणूस करतो तसं.

"मी मागं हाय, ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हाई," शेवटी म्हणाले.

मग मी जी काही सुटले! लॉजवाला बिचारा भाषा न कळताच आत निघून गेला. दुपारभर मी त्या बाजारात काय काय विचार केले ते सांगितलं, गाडी गेल्याचं सांगितलं, आणि कार्डाचंही सांगितलं. "एक दिवस मला पुढं धाडलं, त्ये बी तोंड वाकडं करून, आन् तासाभरात इसरलासा की मी पुढं हाय. रानातली वाट तुमच्यापेक्षा मला चांगली ठावं हाय, ह्ये तुमालाबी ठावं हाय. मग हसलासा कशाला?"

ह्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुटकी चप्पल हातात घेऊन बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बसनं दा नांगला गेलो. तिथं चारही दिवस हे आपणहून मागे चालले, आणि मागून जीव नकोसा केला. "हळू चाल." "सॅक डावीकडं कलली तुजी." "आता कुटं वळायचं त्ये सांग तरी आदी!" समुद्राच्या रस्त्यावर एकदा चालता चालता थांबले. मग म्हणाले, "मागनं काय बी दिसत न्हाई गे. नुसती सॅक दिसती."

"वीस वर्सं मी त्येच बघतीय," मी म्हटलं.

गावी परतलो. कार्डाचा शब्द दोघांनीही काढला नाही. एकतीस तारखेला सकाळी मी साडी नेसून तयार झाले, तर हेही तयार. निळा शर्ट. तोच, कार्डावरच्या फोटोसाठीचा. जोयड्यापर्यंत बसमध्ये आम्ही पावसाशिवाय कशावर बोललो नाही.

समितीच्या खोलीत सुशीलाक्का अर्ज घेत होत्या. मी कागद पुढे सरकवला. ह्यांनी हो म्हटलं नव्हतं, तरी नाव मी घरूनच लिहून आणलं होतं, माझं. सुशीलाक्कांनी तो वाचला, चष्मा खाली केला आणि माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं, "महाबळेश्वर, ह्ये बरोबर हाय न्हवं? मागनं बदलता येणार न्हाई. तुमाला मग पाव्हणे नेता यायचे न्हाईत."

हे खिडकीबाहेर बघत होते.

"मला काय इचारतासा?" हे म्हणाले. "तिचा अर्ज हाय. मी नुसता संगती आलोय."

शिक्का बसला. मला वाटलं होतं, मी उड्या मारीन. बाहेर आलो तर हे चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते ह्यांना कळत नव्हतं, आधी खिशात घातले, मग काढले. बारा वर्षांचं काम होतं ते ह्यांचं. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

"आता मी काय करू, सांग," हे म्हणाले. चेष्टेनं नाही, खरंच विचारत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्ये बी मीच सांगू?" मी खेकसले, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.