मॅटॅडोरचं साल

रस्ता रुंद होणार म्हणून कळसाडीतल्या लोटन पाटलांची पत्र्याची शेड पाडायची होती, आणि शेडमध्ये मॅटॅडोर उभी होती. लोटन जाऊन काही वर्षं झाली होती. गाडी त्याच्याही आधीपासून बंद. तिचे कागद वाळवीने खाल्ले होते. तळोद्याचा भंगारवाला छगन सकाळीच ट्रक घेऊन आला होता आणि शेडच्या तोंडाशी बिडी ओढत बसला होता.

"धीरजभाऊ, कव्हर वाट देखू?"

"थांब रे भो. मन्ही पोर प्लेट वाची ऱ्हायनी. गाडी पन्नासनी वर निंघनी तर तू रिकामा परत जाशी. कमी निंघनी तर लई जाय, मी आडवा येवाव नही."

लोटनचा मुलगा धीरज अगदी निश्चिंत होता. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, असं त्याची लेक हेमांगी शहाद्याच्या आयटीआयमध्ये शिकून आली होती. नोंद झाली की गाडी मळ्यात नेऊन दुरुस्त करायची, असं बापलेकीचं ठरलं होतं. सालाचा पुरावा तर धीरज स्वतःच होता. चौऱ्याहत्तर साली माय अडली, दवाखान्यात नेताना याच गाडीच्या मागच्या बाकावर तो जन्मला. आबांनी, म्हणजे लोटन पाटलांनी, हे किती वेळा सांगितलं असेल! दर वाढदिवसाला आबा गाडी धुवायचे, नारळ फोडायचे आणि धीरजला शेजारी बसवून फेरी मारायचे. शाळेतली पोरं चिडवायची, "हाऊ डिझेल पी-पीसन मोठा व्हयेल शे." त्यालाही ते आवडायचं.

माय, रंजनाबाई, मात्र त्या गाडीत कधी बसली नाही. "माले उलटी व्हस," म्हणायची आणि एसटीने जायची.

हेमांगीने गाडीच्या दाराच्या चौकटीतली, कंपनीने ठोकलेली पत्र्याची प्लेट रॉकेलच्या बोळ्याने पुसली. रंगाच्या थरांखाली अक्षरं दबली होती. तिने वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासू लागली.

"लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो ना पप्पा, तसंच. ठोकलेली अक्षरं खोल असतात. तिथे पेन्सिल पोचत नाही, म्हणून ती पांढरी राहतात."

करड्या रंगातून एक लांब नंबर वर आला. तेवढ्यावर तिने विश्वास ठेवला नाही. प्लेट दुसऱ्या गाडीची आणूनही लावता येते. ती पुढच्या चाकापाशी आडवी झाली, सांगाड्यावरचा गंज खरवडला. तिथेही तोच नंबर.

"जुळला."

"छगन, चहा पी अन् घर जाय," धीरज हसला.

"थांबा पप्पा." हेमांगी पुन्हा प्लेटवर वाकली. "आसनं दोनच लिहिलीत. मागे नुसता माल. बाक नंतर बसवलाय."

"ते बसाडं व्हई आबांनी लगेच. साल देख."

साल उमटलं. धीरजने चष्मा लावला. "हाऊ चार शे. घासाई गया."

"इंग्रजी चाराला पोट असतं." तिने त्याचं बोट धरून प्लेटवर नेलं, जसं तो तिला पाटीवर शिकवायचा. "हा शेजारचा सात. आता हा. काही फरक लागतो?"

फरक लागत नव्हता. त्याने बोट पुन्हा फिरवलं, मग नखाने चाचपलं. सत्त्याहत्तर. पन्नास अजून भरले नव्हते, आणि गाडी बनली तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

छगन उठून उभा राहिला. त्याने बिडी विझवली.

माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. धीरज तिच्यासमोर उभा राहिला.

"माय, मंग मी कोठे जनमनू?"

तिने मान वर केली नाही. सोलायचे हात मात्र थांबले.

"बैलगाडीम्हा. नालाना चिखलम्हा चाक फसनं, तठे." हातातली शेंग खाली ठेवून ती पुढे म्हणाली, "ब्राह्मणपुरीनी एकच जीप व्हती, ती लगनले गयेल. पहिले तू उना. तुन्हा मांगे तुन्ही बहीण उनी. ती दवाखानालोंग टिकनी नही."

"अन् माले इतला वरीस..."

"गावले मालूम व्हतं. तुन्हा बाप कोन्हाले सांगू देये नही."

धीरजला आठवलं, कुणाच्या घरी बाई अडली की आबा ताटावरून उठायचे. हात न धुता किल्ली उचलायचे. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे, आणि ते ऐकलं की आबांचं तोंड उतरायचं.

"राहू द्या आज," छगन दारातून म्हणाला. "मी परवा येस."

"नही," धीरज म्हणाला. "बोलणं व्हयेल शे. लई जाय."

माय उठली. अंगावरची टरफलं झटकून शेडमध्ये गेली, आणि हेमांगीच्या खांद्याचा आधार घेत मॅटॅडोरच्या मागच्या दारातून आत चढली. बाक लांब होता, एक बाई पाय पसरून निजेल एवढा. ती त्यावर बसली. मग हळूच आडवी झाली, आणि कुशीतली जागा हाताने चाचपली.

"आपन तिन्ही मावी जातूत," ती दाराशी आलेल्या धीरजला म्हणाली.

तिला कुणी उतर म्हणालं नाही. ती आपण होऊन उतरली तेव्हा ऊन शेडच्या पत्र्यावरून खाली आलं होतं. मग छगनने साखळी ओढली, आणि बसलेली टायरं मातीत दोन खोल रेघा पाडत बाहेर गेली.